थंडी कडाक्याची, पण बर्फ पडेल का? बर्फवृष्टीचा अंदाज मोबाईलवर असा वाचा

डिसेंबरमध्ये पारा घसरला की दोन गोष्टी हमखास होतात. एक, व्हॉट्सॲपवर "महाबळेश्वरला बर्फ पडला" असा फोटो येतो. दुसरी, शिमला-मनालीचं बुकिंग केलेले मित्र विचारतात, "आपण जाऊ तेव्हा बर्फ पडेल का रे?" आणि दोन्ही वेळा सगळे हवामानाचं ॲप उघडून त्यातल्या छोट्याशा चित्राकडे बघतात.

मीही एकदा तेच केलं होतं. आईला आयुष्यात एकदा तरी पडता बर्फ बघायचा होता. आठ दिवस आधी ॲपमध्ये शिमल्याच्या नावासमोर बर्फाचं पांढरं चित्र दिसलं आणि मी लगेच चंदीगडची तिकिटं काढली. प्रत्यक्षात त्या दिवशी आम्ही मॉल रोडवर छत्री धरून गार पावसात कुडकुडत उभे होतो. संध्याकाळी कुफरीहून खाली आलेल्या एका गाडीच्या टपावर मात्र वीतभर बर्फ होता. कुफरी तिथून रस्त्याने जेमतेम पंधरा किलोमीटर! ॲप खोटं बोललं नव्हतं, मलाच ते नीट वाचता आलं नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय जरा मुळातून समजून घेतला. तोच इथे सोप्या भाषेत मांडतोय.

हिमकण, गारा आणि बर्फ: तीन वेगळ्या गोष्टी

आधी शब्दांचा घोळ मिटवू. महाबळेश्वरच्या वेण्णा लेक परिसरात गवतावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर जे पांढरं दिसतं ते आकाशातून पडलेलं नसतं. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते. थंड हवा जड असते, ती उतारावरून खोलगट भागात येऊन साचते. मग पानावरचं दव गोठतं किंवा हवेतली वाफ थेट बर्फकणांच्या रूपात पानावर जमते. यालाच आपण हिमकण किंवा गोठलेले दवबिंदू म्हणतो.

इथे एक गंमत आहे. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून काही फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. गवताच्या पात्याजवळचं तापमान त्यापेक्षा काही अंशांनी कमी असू शकतं. म्हणून ॲपमध्ये ४ अंश सेल्सिअस दिसत असतानाही गवतावर पांढरा थर मिळतो. तो फोटो खरा असतो, फक्त त्यावर लिहिलेलं "बर्फ पडला" चुकीचं असतं.

दुसरी गोष्ट गारांची. उंच वाढलेल्या वादळी ढगात पाण्याचे थेंब वर-खाली होत गोठत जातात आणि गारा बनून पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली होती. शेतं पांढरीशुभ्र दिसत होती. पण गारा पडायला थंडीची लाट लागत नाही, उलट त्या बऱ्याचदा उन्हाळ्याच्या तोंडावर पडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे खरा बर्फ, अर्थात हिमवृष्टी. ढगातच तयार झालेले बर्फाचे स्फटिक न वितळता जमिनीपर्यंत पोहोचले तरच तिला हिमवृष्टी म्हणायचं.

बर्फ पडायला नेमकं काय लागतं?

तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात.

१. ओलावा: हवेत पुरेशी वाफ हवी. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली थंडी जीवघेणी असते, पण वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून तो प्रदेश शीत वाळवंटच ठरतो. नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही.

२. ढग: ती वाफ वर ढकलून ढग बनवणारी यंत्रणा हवी. उत्तर भारतात हिवाळ्यात हे काम पश्चिमी झंझावात करतात. बातम्यांमध्ये यांनाच वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने हे पट्टे पूर्वेकडे सरकत येतात आणि हिमालयाला धडकतात.

३. वरपासून खालपर्यंत थंड हवा: ढगापासून जमिनीपर्यंतचा शेवटचा टप्पाही पुरेसा थंड हवा. नाहीतर बर्फ वाटेतच वितळतो आणि आपल्या डोक्यावर पाऊस म्हणून पडतो. आमचं शिमल्यात नेमकं हेच झालं होतं.

पहिली गोष्ट नसेल तर काय होतं, याचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२४ मध्ये जोरदार पश्चिमी झंझावात आलेच नाहीत आणि ऐन हंगामात गुलमर्गचे स्कीइंगचे उतार तपकिरी, कोरडे पडले होते. रात्रीची थंडी होती, पण ओलावा नव्हता. महिना संपता संपता झंझावात आला आणि मग बर्फ पडला.

सर्वात थंड रात्र म्हणजे बर्फाची रात्र नव्हे

"आज २ अंश आहे, उद्या आणखी थंडी वाढली की बर्फ पडेल," हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. पण आपल्याकडे गणित बरंचसं उलटं चालतं.

पश्चिमी झंझावात येतो तेव्हा ढग येतात. ढग रात्री गोधडीचं काम करतात, जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे किमान तापमान उलट थोडं वाढतं. झंझावात पुढे सरकला की आकाश निरभ्र होतं, बर्फाळ डोंगरांवरून उत्तरेचे कोरडे वारे खाली वाहू लागतात आणि मग कडाक्याची थंडी पडते. तेच वारे पुढे नाशिक, निफाड, पुण्यापर्यंत पोहोचतात. म्हणजे आपल्याकडे थंडीची लाट येते तेव्हा हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं. थंडी असते, पण बर्फ पडायला लागणारा ढगच नसतो.

"थंडीची लाट" या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असलं, तर थंडीची लाट म्हणतात. किंवा मग किमान तापमान थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आलं तरी. या व्याख्येत बर्फाचा काही संबंध नाही.

ॲपमधलं ते चित्र येतं कुठून?

आपल्या फोनमधलं ॲप स्वतः हवामान मोजत नाही. जगातल्या मोठ्या केंद्रांमध्ये महासंगणकांवर वातावरणाचं गणित चालतं, त्याला मॉडेल म्हणतात. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपियन केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ ही त्यातली दोन प्रसिद्ध नावं. ॲप त्यांचे आकडे घेतं, त्यावर स्वतःची थोडी प्रक्रिया करतं आणि शेवटी ढगाचं, थेंबाचं किंवा बर्फाचं चित्र दाखवतं.

मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी एकच उत्तर काढतं. जीएफएसचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपियन मॉडेलचा ९ किलोमीटरचा. आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे.

सपाट प्रदेशात एवढं पुरतं, पण डोंगरात घोळ होतो. शिमला साधारण २,२०० मीटरवर आणि कुफरी २,७०० मीटरच्या आसपास. दोघांमधलं हवाई अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. चौकोनाच्या आत दरी, उतार आणि शिखर यांची सरासरी होते. त्या सरासरी उंचीवर बर्फ पडणार असेल तर ॲप बर्फाचं चित्र दाखवतं. तुम्ही उभे आहात ती जागा त्या सरासरीपेक्षा खाली असेल, तर छत्री उघडायची वेळ येते.

"६० टक्के" म्हणजे काय?

पावसाच्या किंवा बर्फाच्या शक्यतेसमोर ६०% लिहिलेलं असतं. याचा अर्थ दिवसाचा ६० टक्के वेळ बर्फ पडेल असा नाही, आणि ६० टक्के भागात पडेल असाही नाही. अशी परिस्थिती दहा वेळा आली, तर साधारण सहा वेळा त्या ठिकाणी मोजता येईल इतकी वृष्टी होईल, असा त्याचा ढोबळ अर्थ.

हा आकडा काढण्याची एक पद्धत मला फार आवडते. मॉडेल एकदाच न चालवता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा चालवतात. युरोपियन केंद्र असे ५१ अंदाज एकत्र काढतं. त्यातले ४५ जण "वृष्टी होणार" म्हणाले तर विश्वास ठेवायला हरकत नाही. २० जण हो आणि ३१ जण नाही म्हणत असतील, तर अजून थांबलेलं बरं.

आणखी एक सापळा आहे. बऱ्याच ॲप्समध्ये ही टक्केवारी वृष्टीची असते, बर्फाची नाही. म्हणजे काहीतरी पडण्याची शक्यता ६० टक्के. ते पाणी असेल की बर्फ, हा प्रश्न वेगळा.

फोनवर या पाच गोष्टी बघा

चित्र बाजूला ठेवा आणि या क्रमाने तपासा. विंडी किंवा मेटिओब्लूसारख्या ॲपमध्ये यातलं बरंच काही मोफत मिळतं.

१. ठिकाणाची उंची. जिथे राहणार आहात त्या हॉटेलची समुद्रसपाटीपासूनची उंची शोधा. नुसतं शहराचं नाव पुरेसं नाही. शिमल्यातच जाखू टेकडी रिजपेक्षा दोनशे मीटरहून जास्त उंच आहे. तिथे पांढरं आणि खाली ओलं, असं सर्रास दिसतं.

२. शून्य अंशाची पातळी. विंडीच्या लेयर्समध्ये "फ्रीझिंग अल्टिट्यूड" असतं. हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्य होतं ती ही पातळी. बर्फ तिच्याखाली आला की लगेच वितळत नाही, साधारण ३०० मीटर खालपर्यंत तग धरतो. म्हणून या आकड्यातून ३०० वजा करा. उरलेल्या उंचीपर्यंत बर्फाची आशा ठेवता येते.

३. वृष्टीचं प्रमाण. १ मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने १ सेंटिमीटर बर्फ. बर्फ ओलसर असेल तर थर याहून कमी होतो. अंदाजात ०.३ मिलिमीटर दिसत असेल तर काही पाकळ्या उडतील, रस्ता पांढरा होणार नाही.

४. हवेचा कोरडेपणा. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं ना, तसंच कोरड्या हवेत पडणारा बर्फ किंवा पाऊस आजूबाजूची हवा गार करतो. हे मोजणाऱ्या आकड्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. त्यामुळे तापमापकात २ अंश दिसत असतानाही, हवा कोरडी असेल तर बर्फ पडू शकतो. हवा आधीच दमट असेल तर त्याच २ अंशांना बहुधा पाऊसच.

५. वेळ. झंझावाताच्या सुरुवातीला हवा तुलनेने उबदार असते, शेवटाकडे ती थंड होत जाते. म्हणून संध्याकाळी पावसाने सुरुवात होऊन पहाटे त्याचा बर्फ होणं हे डोंगरात नेहमीचं. तासागणिक अंदाज बघा, पूर्ण दिवसाचं एक चित्र बघू नका.

एक उदाहरण करून बघू

समजा, उद्यासाठी शून्य अंशाची पातळी २,६०० मीटर दिसतेय आणि वृष्टी १५ मिलिमीटर. २,६०० मधून ३०० वजा केले की उरले २,३००. कुफरी आणि नारकंडा दोन्ही २,७०० मीटरच्या आसपास, म्हणजे तिथे चांगला बर्फ. जाखू टेकडीवर बहुधा पांढरं होईल. मॉल रोड २,२०० च्या घरात, म्हणजे काठावरची केस, पाऊस आणि बर्फ मिसळलेलं. मनाली साधारण २,०५० मीटर, पातळी तिथेही तेवढीच असेल तर पाऊस. सोलंग मात्र तिच्यापेक्षा बरंच वर, तिथे आशा.

उंचीचा हिशेब लक्षात ठेवायचा असेल तर: दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. पाचशे मीटर वर गेलात की तीन अंशांचा फरक. माझ्या आईचा बर्फ या तीन अंशांत अडकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता उघडल्यावर तिला कुफरीला घेऊन गेलो. पडता बर्फ नाही मिळाला, पण पडलेला मिळाला.

किती दिवस आधी किती विश्वास ठेवायचा?

सात ते दहा दिवस आधी एवढंच बघा की झंझावात येण्याची चिन्हं आहेत का. तिकिटं काढण्याइतका भरवसा यावर ठेवू नका. मी ठेवला होता.

तीन ते पाच दिवस आधी दोन-तीन मॉडेल्सची तुलना करा. विंडीमध्ये त्यासाठी "कम्पेअर" आहे. सगळी एकाच दिवशी वृष्टी दाखवत असतील तर बेत पक्का करायला हरकत नाही.

एक-दोन दिवस आधी शून्य अंशाची पातळी बघा आणि भारतीय हवामान विभागाचा अंदाज वाचा. शेवटच्या काही तासांत रडार कामाला येतं. हिमाचलमध्ये कुफरी, जोत आणि मुरारी देवी इथे हवामान विभागाची डॉप्लर रडार आहेत.

आणखी एक टीप: दर दहा मिनिटांनी ॲप रिफ्रेश करून काही उपयोग नाही. मोठी मॉडेल्स दिवसातून चार वेळा चालतात, भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, संध्याकाळी ५:३० आणि रात्री ११:३० च्या नोंदी घेऊन. आकडे हाती यायला त्यानंतर काही तास जातात. मी सकाळी साडेदहा-अकराला आणि रात्री झोपण्याआधी, असं दोनदाच बघतो.

मग महाराष्ट्रात बर्फ कधी?

खरं सांगायचं तर आशा ठेवू नका. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे. राज्यातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. आपल्याकडे हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी साधारण चार हजार मीटरच्या वर असते. वरच्या सूत्रात घालून बघा, कळसूबाईच्या माथ्यावरूनही बर्फाची रेषा दोन किलोमीटर वर राहते.

पण म्हणून थंडीचा अंदाज बिनकामाचा नाही. निफाडच्या द्राक्षबागांमध्ये पारा फार खाली गेला की मणी तडकतात. शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला हिमकणांचा फटका बसतो. तुमच्या घरी बाग असेल तर रात्री तीन आकडे बघा: आकाश निरभ्र आहे का, वारा जवळपास थांबलेला आहे का, आणि किमान तापमान ४ अंशांच्या आसपास किंवा खाली जातंय का. तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर पहाटेची तयारी ठेवा. पर्यटकाला हिमकण म्हणजे एक रील, बागायतदाराला वर्षभराची कमाई.

बर्फ मिळाला तर पुढे काय?

सगळं जुळून आलं आणि जोरदार बर्फ पडणार असं दिसलं, तर आनंदाच्या भरात एक गोष्ट विसरू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो लोक बर्फ बघायला गेले. मरीची उंची जवळपास शिमल्याएवढीच. मुसळधार बर्फाचा इशारा आधी दिलेला होता. ७ जानेवारीच्या रात्री गाड्या रस्त्यातच अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाडीत बसल्या जागी गेली. बर्फात सायलेन्सर गाडला गेला असताना इंजिन आणि हीटर चालू ठेवला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत भरतो. त्याला ना वास असतो ना रंग.

म्हणून फोनमध्ये हवामान विभागाचं "मौसम" ॲप ठेवा आणि जिल्ह्याचा इशारा बघा. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने पावलं उचला. बर्फाचा केशरी किंवा लाल इशारा असेल तर त्या दिवशी घाटात गाडी घालू नका. हॉटेलमध्येच थांबा, बर्फ तिथेही दिसेल. तरीही अडकलात तर इंजिन बंद करा, काच थोडी उघडी ठेवा, सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढत राहा आणि ११२ वर फोन करा.

जाता जाता एक पुणेरी धागा. शिवाजीनगरच्या चौकाला "सिमला ऑफिस" का म्हणतात, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? भारतीय हवामान विभागाचं मुख्यालय आधी शिमल्यात होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण नाव चौकाला चिकटून राहिलं. त्या चौकातून जाताना मला अजूनही मॉल रोडवरची ती छत्री आठवते. पुढच्या वेळी मी आधी उंची बघेन, मग चित्र.